नदी मोकळी करायची कुणी? कालव्यांच्या आधीची अमेरिका

नावाडी

नमस्कार मंडळी. न्यूयॉर्क राज्यातल्या ईरी कालव्याच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की कालवे येण्याआधी ही माणसं माल कसा नेत होती. त्याचं उत्तर प्रतिसादात मावणारं नव्हतं, म्हणून हा वेगळा धागा.

कालवा म्हटलं की राज्य सरकार आलं, कर्जरोखे आले, मोजणीदार आले, हजारो मजूर आले. त्याआधीच्या शंभर वर्षांत किनाऱ्यावरच्या वसाहतींकडे यातलं काहीच नव्हतं. नद्या मात्र भरपूर होत्या, आणि त्या जागोजागी तुंबलेल्या. पुरात उन्मळून आलेली झाडं, उतारावरचे खडक, मासे धरायला घातलेले दगडी बांध, गिरण्यांचे बंधारे. मग नदी मोकळी कुणी करायची? काठावर राहणाऱ्यांनी. आपखुशीने नव्हे, कायद्याने.

मूळ कल्पना इंग्लंडातली. १५५५ साली तिथे कायदा झाला की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाने, आपल्या हद्दीतले रस्ते दुरुस्त ठेवायचे आणि त्यासाठी रहिवाशांनी वर्षातले चार दिवस बिनपगारी काम करायचं. थोड्याच वर्षांत चाराचे सहा दिवस झाले. रोख पैसा कमी, अंगमेहनत करणारे हात भरपूर, तेव्हा कर पैशात न घेता दिवसांत घ्यायचा असा हा साधा हिशोब. अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये रोख पैसा त्याहून दुर्मीळ. व्हर्जिनियात तर तंबाखूच चलन म्हणून चालायचा. त्यामुळे ही पद्धत तिथे सहज रुजली, आणि रस्त्यांबरोबर पाण्यालाही लागू झाली.

साऊथ कॅरोलायनाचा १७२१ चा कायदा घ्या. त्याच्या लांबलचक नावातच सगळी यादी आहे: हमरस्ते, खासगी पायवाटा, पूल, खाड्या, दलदलीतले भरावाचे रस्ते आणि 'पाण्याच्या वाटांची सफाई'. प्रत्येक भागाला कमिशनर नेमायचे. त्यांनी कामाचा दिवस ठरवायचा, मुकादम नेमायचा, आणि १६ ते ६० वयाच्या पुरुषांनी कुऱ्हाडी, फावडी घेऊन हजर व्हायचं. न येणाऱ्याला दंड. त्या मुलखात भरती-ओहोटीच्या वेड्यावाकड्या खाड्या आहेत. तिथे पडलेली झाडं ओढून काढायची, गाळ उपसायचा, आणि खाडी फारच वळसे घेत असेल तर वळणाची मान कापून सरळ चर खणायचा, असं कामाचं स्वरूप.

आता माझ्या घराजवळची नदी. मी व्हर्जिनियात शार्लट्सव्हिलच्या बाहेर राहतो, इथून रिव्हाना वाहते. नदी कसली, उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी गुडघाभर पाणी. ती पुढे कोलंबिया नावाच्या गावाशी जेम्स नदीला मिळते आणि जेम्स रिचमंडच्या धबधब्यांवरून समुद्राकडे जाते. १७६० च्या दशकात इथला एक तरुण जमीनदार नदी पाहायला निघाला. त्याच्या लक्षात आलं की अडथळा म्हणजे मुख्यतः सुटे दगड, ते हलवता येतील. त्याने शेजारपाजारच्या मळेवाल्यांकडून २०० पौंडांची वर्गणी उभी केली, व्हर्जिनियाच्या विधिमंडळाकडून १७६५ साली नदी साफ करण्याचा कायदा करून घेतला, विश्वस्त नेमले गेले आणि काम झालं. हा तरुण म्हणजे थॉमस जेफरसन, पुढे स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा आणि राष्ट्राध्यक्ष झालेला.

गंमत अशी की १८०० च्या सुमारास जेफरसनने एक टिपण केलं: 'मी जगलो त्याने माझ्या देशाचं काही भलं झालं का?' त्याखाली आपल्या कामांची यादी. पहिलं काम रिव्हाना नदीची सफाई. स्वातंत्र्याचा जाहीरनामा दुसरा!

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. अमेरिकेत या गोष्टी 'गावकऱ्यांनी एकजुटीने नदी साफ केली' अशा गोड सुरात सांगितल्या जातात. स्थानिक फलकांवरही तोच सूर असतो. मला त्यात एकजूट कमी आणि वसुली जास्त दिसते. वर्गणी देणारा, हुकूम देणारा आणि पाण्यात उतरून दगड उचलणारा ही तीन वेगळी माणसं होती.

जाणकारांनी भर घालावी.

चौकस_बाळ

मस्त धागा! एक बाळबोध शंका. एवढा खटाटोप करण्यापेक्षा रस्ते का नाही केले? अमेरिकेत जमीन काय कमी होती?

नावाडी

@चौकस_बाळ, शंका बाळबोध नाही. तंबाखू ज्या लाकडी पिंपात भरत त्याला हॉग्जहेड म्हणत. भरलेलं पिंप हजार पौंडांच्या पुढे, म्हणजे साडेचारशे किलोहून जड. नदी नसेल तर पिंपाला आस बसवून, घोडा किंवा बैल जुंपून ते लोळवत न्यायचे. व्हर्जिनियात अजूनही काही रस्त्यांच्या नावात 'रोलिंग रोड' आहे, तो हाच. वाटेत ओढे, चिखल, चढ. पिंप फुटलं किंवा तंबाखू भिजला की वर्षाची कमाई गेली.

पाण्यात तोच भार तीन माणसं नेऊ शकत. आधी दोन ओंडके-होड्या शेजारी शेजारी बांधून वर पिंपं ठेवायचे. १७७१ च्या मे महिन्यात जेम्सला महापूर आला, त्यात असंख्य होड्या वाहून गेल्या. त्यानंतर अँथनी आणि बेंजामिन रकर या भावांनी सपाट बुडाची, दोन्ही टोकांना निमुळती, पन्नास-साठ फूट लांबीची 'बॅटो' पुढे आणली. बुड उथळ पाण्यातून सरपटत जाईल असं. पण हिलाही थोडी मोकळी वाट लागतेच. एक मोठा दगड आडवा आला की संपलं.

अनघा_के

छान लिहिलंय. पण जेफरसनच्या यादीबद्दल एक: ती यादी काळाच्या क्रमाने आहे. रिव्हाना आधी झाली म्हणून वर, जाहीरनामा नंतर म्हणून खाली. त्यातून तो नदीला जाहीरनाम्यापेक्षा मोठं मानत होता असं निघत नाही. वाचणाऱ्यांचा गैरसमज नको. अर्थात यादीत घ्यावीशी वाटली हे महत्त्वाचं आहेच.

आणि खरा मसाला तुम्ही सोडलात. ज्या नदीच्या सफाईचं श्रेय त्याने घेतलं, तिच्याच वाहतुकीशी त्याचं पुढे भांडण झालं. जेफरसनची शॅडवेलला गिरणी होती, तिच्यासाठी त्याने बंधारा घातला होता आणि पाणी आणायला मोठा पाट खणला होता. १८०६ मध्ये रिव्हाना कंपनी स्थापन झाली, तिला नावा वर न्यायच्या होत्या. बंधारा आड! कंपनीला त्याच्या पाटातूनच वाट हवी होती. प्रकरण इतकं चिघळलं की १८१७ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष कोर्टात गेले. तिथे त्यांनी, नदी मुळात मीच साफ करवली, हेही मांडलं. जोरात होते म्हातारबाबा.

सातारकर_काका

अनघाताई, हे म्हणजे आमच्याकडे पाटाच्या पाळीवरून चालतं तेच की. राष्ट्राध्यक्ष असो नाहीतर सरपंच. वाचतोय. येऊ द्या अजून.

प्रेअरीतला_पांडू

नावाडी, तुमच्या जेफरसनला आमच्याकडून लिंकन. मी स्प्रिंगफील्ड, इलिनॉयला बरीच वर्षं आहे आणि सँगमन नदीचं हे प्रकरण माझ्या आवडीचं. तपशिलात सांगतो, कारण 'गावाने नदी साफ केली' याचा हा सगळ्यात नीट नोंदलेला प्रसंग आहे.

१८३१ चा एप्रिल. लिंकन बावीस वर्षांचा. डेंटन ऑफट नावाच्या व्यापाऱ्याचा माल घेऊन सपाट नावेतून न्यू ऑर्लिन्सला निघालेला. न्यू सेलम गावाशी गिरणीचा बंधारा होता, त्यावर नाव अडकली. पुढचं टोक बंधाऱ्याच्या पलीकडे हवेत, मागून पाणी आत येतंय. गावकरी काठावर जमून तमाशा बघतायत. लिंकनने काही माल उतरवला, उरलेला पुढे सरकवला, नावेच्या पुढच्या भागाला भोक पाडलं, पाणी वाहून जाऊ दिलं, भोक बुजवलं आणि नाव पार केली. ऑफटने तिथेच त्याला दुकानात नोकरी देऊ केली.

पुढच्या वर्षी व्हिन्सेंट बोग नावाच्या व्यापाऱ्याने जाहीर केलं की नदीत बर्फ वितळला की 'टॅलिसमन' नावाची वाफेची बोट सिनसिनाटीहून थेट सँगमनमधून वर आणतो. स्प्रिंगफील्डात नुसता जल्लोष. आता आपलं गाव बंदर होणार! दुकानदारांनी बोटीने येणाऱ्या मालाच्या जाहिराती दिल्या. बोगने एक अट मात्र घातली होती: गावकऱ्यांनी लांब दांड्याच्या कुऱ्हाडी घेऊन बोटीला आडवं जावं आणि नदीवर झुकलेल्या फांद्या तोडत यावं. ही टोळी नदीच्या मुखाजवळ बियर्ड्सटाऊनला बोटीला भेटली. त्यात लिंकन होता. दिवसचे दिवस ते पुढे चालत, फांद्या तोडत, ओंडके बाजूला करत आले, आणि मागून बोट हळूहळू. २४ मार्च १८३२ ला टॅलिसमन स्प्रिंगफील्डजवळच्या धक्क्याला लागली. मेजवानी, नाच, भाषणं, कविता.

आणि आठवड्याभरात पाणी उतरायला लागलं.

बोट वळवायलासुद्धा जागा नव्हती असं सांगतात. परत नेण्यासाठी रोवन हर्नडन आणि त्याच्या मदतीला लिंकन, असे दोन वाटाडे ठरवले. दिवसाला जेमतेम चार मैल. येताना ज्या फांद्या नीट तोडल्या गेल्या नव्हत्या त्यांनी वरचे लाकडी कठडे ओरबाडले. न्यू सेलमला आले तर पुन्हा तोच बंधारा. गिरणीवाले म्हणाले, हात लावायचा नाही. बोटवाले म्हणाले, नावा चालणाऱ्या नदीत बंधारा घालायचा हक्कच तुम्हाला नाही. शेवटी बंधाऱ्याचा एक भाग पाडला आणि बोट निघाली. दोघा वाटाड्यांना प्रत्येकी ४० डॉलर मिळाले. त्या काळी ही बरी रक्कम. बोग मात्र कर्जात बुडून गावातून नाहीसा झाला. टॅलिसमन पुढे सेंट लुईसला जळाली. सँगमनवर वाफेच्या बोटी नियमित काही आल्या नाहीत.

यातला राजकीय भाग तर अजून मजेदार. बोट यायच्या थोडं आधी, ९ मार्च १८३२ ला, लिंकनने विधानसभेसाठी आपलं पहिलं जाहीर निवेदन काढलं. त्यात नीतिमत्ता वगैरे आहे, पण मोठा भाग सँगमन नदी! तो लिहितो की रेल्वे चांगली, पण तिचा अंदाजे खर्च २ लाख ९० हजार डॉलर, तो आपल्याला परवडणारा नाही. नदी सुधारणं परवडेल. खालच्या भागात नदी फार नागमोडी आहे, तिथली वळणं कापून सरळ केली तर प्रवाह जोर धरेल आणि ओंडके साचणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. ऑगस्टमध्ये निवडणूक झाली, लिंकन पडला. पण न्यू सेलमच्या मतदान केंद्रावर ३०० पैकी २७७ मतं त्याला. शेजाऱ्यांनी पाहिलं होतं ना त्याला कुऱ्हाड घेऊन.

मीठभाकर

पांडूशेठ, दंडवत! लिंकनच्या नावावर पेटंट आहे असं कुठेतरी वाचलं होतं, ते याच भानगडीतून आलं का?

प्रेअरीतला_पांडू

@मीठभाकर, होय, उथळात अडकलेल्या नावा सोडवण्याचंच. क्रमांक ६४६९, साल १८४९. नावेच्या दोन्ही बाजूंना भात्यांसारख्या हवेच्या पिशव्या, खाली सोडून फुगवल्या की नाव वर उचलली जाईल. प्रत्यक्षात कुणी वापरलं नाही. पण पेटंट घेतलेला अमेरिकेचा एकमेव राष्ट्राध्यक्ष तोच.

जुना_अभियंता

पाटबंधारे खात्यातून निवृत्त आहे, त्यामुळे तांत्रिक बाजू थोडी लिहितो. लोक 'नदी साफ केली' म्हणतात तेव्हा त्यात तीन अगदी निराळी कामं येतात.

पहिलं, लाकूड. पुरात काठ ढासळला की झाड मुळांसकट पात्रात येतं. मुळांना माती चिकटलेली, ती जड, म्हणून मुळं तळाला रुततात आणि शेंडा प्रवाहाच्या दिशेने कलतो. मिसिसिपीवरचे नावाडी यात भेद करत: पक्कं रुतलेलं एक, आणि पाण्याच्या दाबाने सारखं वरखाली डोकावणारं दुसरं. दुसरं जास्त वाईट, कारण क्षणभर दिसतं आणि गडप होतं. प्रवाहाविरुद्ध वर येणाऱ्या बोटीचं बूड सरळ भाल्यावर गेल्यासारखं फाटतं. कुऱ्हाडीने वरचा भाग तोडणं सोपं, पण पाण्याखालचा बुंधा तसाच राहतो आणि आता तो दिसतही नाही. अर्धवट सफाई म्हणजे नसलेल्या सफाईपेक्षा धोकादायक.

दुसरं, खडक. व्हर्जिनिया, मेरीलँड, पेनसिल्व्हेनियातल्या नद्या डोंगराळ भागातून किनारपट्टीत उतरतात तिथे खडकाचे पट्टे आडवे आहेत. तिथे दगड नुसते उचलून भागत नाही. पाण्याची खोलीच कमी असते. मग बाजूला केलेले दगड प्रवाहात तिरके रचून दोन बांध घालायचे, मध्ये अरुंद फट ठेवायची. पसरलेलं पाणी एका धारेत येतं, खोली वाढते, नाव निसटते. विनासिमेंट, विनायंत्र. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हा हे करायचं, कारण दगड दिसतात आणि माणूस उभा राहू शकतो. उलट नावा चालवायच्या वसंतातल्या पाण्यात. म्हणजे आज केलेलं काम बरोबर झालं की नाही ते सहा-आठ महिन्यांनी कळणार, आणि मध्ये एक पूर येऊन गेलेला असणार.

तिसरं, वळण कापणं. लिंकनची सूचना तत्त्वतः बरोबर आहे, अंतर घटलं की उतार वाढतो आणि वेग वाढतो. पण वेग वाढलेलं पाणी खालचे काठ खायला लागतं, काठावरची झाडं पडतात, आणि पुन्हा पहिलं काम सुरू.

मुद्दा हा की जलमार्ग एकदा साफ करून सोडून देता येत नाही. दरवर्षी पुन्हा. त्यामुळे वर्गणीने काम सुरू व्हायचं आणि टिकवायला मात्र सक्ती लागायची. वर्गणीचा उत्साह दुसऱ्या पुरापर्यंत टिकत नाही.

कावेरी_अ

अभियंता काकांचा प्रतिसाद जपून ठेवला आहे.

माझा प्रश्न नावाडींच्या शेवटच्या परिच्छेदावर. 'तीन वेगळी माणसं' म्हणालात, पण तिसऱ्या माणसाबद्दल धाग्यात फारसं आलंच नाही. लिंकन स्वतः कुऱ्हाड घेऊन गेला हे खरं, इलिनॉयची गोष्ट वेगळी. दक्षिणेत काय?

नावाडी

@कावेरी_अ, बरोबर पकडलंत.

साऊथ कॅरोलायनात १७०८ च्या सुमारासच काळ्या गुलामांची संख्या गोऱ्यांहून जास्त झाली होती. भातशेतीचा मुलूख. तिथे '१६ ते ६० चे पुरुष' म्हणजे प्रामुख्याने कोण, हे वेगळं सांगायला नको. मळ्याच्या मालकाने स्वतः चिखलात उतरावं अशी कायद्याचीही अपेक्षा नव्हती, त्याने माणसं पाठवायची. त्यात भातशेतीसाठी दलदलीत बांध, चर आणि पाणी सोडायची दारं करणारी माणसं हीच. पाणी कसं वागतं हे त्यांना मालकापेक्षा जास्त कळत असणार. कायद्यात त्यांची फक्त मोजदाद आहे.

जेम्सवरच्या बॅटो चालवणारेही बहुतेक काळे नावाडी, काही स्वतंत्र, बरेचसे गुलाम. लांब बांबूसारख्या काठीने नाव ढकलत न्यायचे, आणि येताना प्रवाहाविरुद्ध. वाटेतला प्रत्येक दगड त्यांना ठाऊक.

आता वॉशिंग्टनचं उदाहरण. १७८५ मध्ये पोटोमॅक कंपनी स्थापन झाली, अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. नदी साफ करायची आणि ग्रेट फॉल्सला ७७ फुटांचा उतार आहे, तिथे बगल कालवा आणि पाच जलपाश (दारं उघडून-मिटून नाव वरखाली नेणारे हौद) करायचे. इथे गावच्या दिवसांवर भागणारं काम नव्हतं. म्हणून पगारी मजूर, आयर्लंडहून वगैरे आणलेले करारबद्ध नोकर आणि मालकांकडून भाड्याने घेतलेले गुलाम. करारबद्ध नोकर पळून जायचे. पकडले की ओळखू यावेत म्हणून त्यांची डोकी आणि भुवया भादरत. सुरुंगाच्या दारूने खडक फोडताना माणसं जायची, जखमी व्हायची. ग्रेट फॉल्सचा कालवा १८०२ मध्ये सुरू झाला, तोवर वॉशिंग्टन वारले होते. एवढं करूनही नदीला पुरेसं पाणी वर्षातून थोडाच काळ असायचं. १८२८ मध्ये कंपनी नव्या कालवा कंपनीत विलीन झाली.

अनघा_के

पोटोमॅकवरून आठवलं. नदी दोन राज्यांच्या सीमेवर, तेव्हा वाहतुकीचे नियम दोघांनी मिळून ठरवायला हवेत म्हणून १७८५ मध्ये मेरीलँड आणि व्हर्जिनियाचे प्रतिनिधी वॉशिंग्टनच्या घरी, माउंट व्हर्ननला बसले. त्यातून पुढच्या वर्षी ॲनापोलिसची बैठक आणि त्यातून १७८७ चं फिलाडेल्फियाचं संविधान संमेलन. त्याच १७८७ मध्ये वायव्य प्रदेशाचा जो अध्यादेश निघाला त्यात मिसिसिपी आणि सेंट लॉरेन्सला मिळणारे, नावा चालण्याजोगे जलमार्ग आणि त्यांच्यामधल्या नावा उचलून न्यायच्या वाटा 'सार्वजनिक हमरस्ते, कायम मोफत' असं स्पष्ट लिहिलं. कर, पथकर, काही नाही.

म्हणून टॅलिसमनवाले बंधारा पाडताना एवढे ठणकावून बोलत होते. इलिनॉय त्याच प्रदेशातलं.

मीठभाकर

म्हणजे नदी सगळ्यांची, पण साफ करायची काठावरच्यांनी. आणि ज्यांना बोटीचा उपयोग नाही त्यांनीही? मासेमारी करणाऱ्यांना नावांचं काय पडलं होतं?

नावाडी

मीठभाकर, काहीच पडलं नव्हतं, आणि त्यावरून डोकी फुटली.

फिलाडेल्फियाला वाहणारी स्कूलकिल नदी. वरच्या भागातले शेतकरी गहू होड्यांत भरून शहरात आणायचे. मधल्या भागातले लोक वसंतात शॅड मासा धरण्यासाठी नदीत आडवे खुंट आणि दगडांचे बांध घालायचे. शॅड म्हणजे आपल्या हिलसाच्या नात्यातला, समुद्रातून नदीत अंडी घालायला चढणारा. नेमका वसंतात, जेव्हा पाणी भरलेलं आणि होड्या चालतात तेव्हाच. भरलेली होडी खुंटावर आपटली की गहू पाण्यात. १७३० मध्ये पेनसिल्व्हेनियाने असे बांध घालायला बंदी केली. मासेवाल्यांनी मनावर घेतलं नाही. १७३८ मध्ये शिपाई बांध उपटायला होड्यांतून गेले, तेव्हा काठावरच्या जमावाने सोटे घेऊन त्यांना पिटाळलं.

मासेवाल्यांची बाजूही समजण्यासारखी आहे. खारवलेला शॅड हे गरिबाघरचं वर्षभराचं खाणं. गहू विकणारा मात्र आधीच बऱ्या परिस्थितीतला. आणि त्याहीआधीची गोष्ट: पूर्वेकडच्या नद्यांत इंग्रजीतल्या 'व्ही' आकाराचे दगडी बांध मूळ रहिवाशांनी कित्येक पिढ्या घातलेले होते, टोक प्रवाहाच्या दिशेला, तिथे टोपली लावून मासे धरायचे. काही बांध पाणी उतरलं की आजही वरून दिसतात. नदी 'मोकळी' करताना असे कित्येक उचकटले गेले. अडथळा कुणाच्या लेखी, हा प्रश्न उरतोच.

चौकस_बाळ

मग ही दिवस भरायची पद्धत बंद कधी झाली? स्वातंत्र्य मिळाल्यावर?

कावेरी_अ

मी थोडं शोधलं, कायद्याच्या अभ्यासात हे प्रकरण होतं. रस्त्यांसाठी तर विसाव्या शतकापर्यंत चालू. फ्लॉरिडाच्या १९१३ च्या कायद्यानुसार २१ ते ४५ वयाच्या धडधाकट पुरुषाने वर्षातून सहा दिवस, रोज दहा तास रस्त्यावर काम करायचं, नाहीतर बदली माणूस द्यायचा किंवा तीन डॉलर भरायचे. एकाने कोर्टात म्हटलं, ही सक्तीची मजुरी आहे, तेराव्या घटनादुरुस्तीने ती बंद झाली आहे. १९१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, बटलर विरुद्ध पेरी: नाही, हे नागरिकाचं जुनं कर्तव्य आहे, सैन्यसेवेसारखं किंवा ज्यूरीत बसण्यासारखं. निकालात थेट इंग्लंडच्या जुन्या प्रथेचा आधार घेतला आहे.

तीन डॉलर ज्याच्याकडे आहेत तो सुटला. साऊथ कॅरोलायनाच्या १७२१ पेक्षा फार पुढे गेलो नाही.

सातारकर_काका

नद्यांचं काय झालं मग?

जुना_अभियंता

@सातारकर_काका, मोठ्या नद्या केंद्राकडे गेल्या. १८२४ मध्ये काँग्रेसने ओहायो आणि मिसिसिपीतले ओंडके आणि वाळूचे उंचवटे काढायला ७५ हजार डॉलर मंजूर केले आणि काम लष्कराच्या अभियंत्यांकडे दिलं. ते खातं आजही जलमार्ग सांभाळतं. हेन्री श्रीव्हने दोन सांगाड्यांची वाफेची बोट बनवली, 'हेलिओपोलिस', १८२९. दोन बुडांच्या मध्ये जाड तुळई, त्यावर वेगाने जाऊन ओंडक्याला धडक द्यायची, तो उखडायचा, वर ओढायचा आणि तिथेच करवतून तुकडे करायचे. म्हणजे पाण्याखालचा बुंधा जो कुऱ्हाडवाल्यांना कधी जमला नाही तो निघाला. नंतर १८३३ ते ३८ याच श्रीव्हने लुइझियानात रेड नदीवरचा शेकडो वर्षं साचलेला लाकडांचा गच्च थर फोडला. श्रीव्हपोर्ट शहराला त्याचंच नाव. पण देखभाल थांबली तसा तो थर पुन्हा साचला, कायमचा निघाला तो १८७३ मध्ये, नायट्रोग्लिसरीन वापरून.

लहान नद्यांकडे रेल्वे आल्यावर कुणी पाहिलं नाही. तुमची रिव्हाना, पांडूंची सँगमन, सगळ्या परत झाडाझुडपांत गेल्या.

मीठभाकर

आपल्याकडे कोकणात खाड्यांतून महाड, गोवळकोटपर्यंत गलबतं यायची, त्यांचा गाळ कोण काढायचं? यावर कुणी लिहील का?

नावाडी

@मीठभाकर, विषय मोठा आहे, इथे फाटा नको. वेगळा धागा काढा, कोकणातली मंडळी धावून येतील.

चौकस_बाळ

नोव्हेंबरात बहिणीकडे व्हर्जिनियाला येतोय. यातलं काही बघायला मिळतं का?

नावाडी

@चौकस_बाळ, मिळतं. ग्रेट फॉल्स पार्कच्या व्हर्जिनियाच्या बाजूला पोटोमॅक कंपनीचा कालवा आणि जलपाशांच्या दगडी भिंती उभ्या आहेत. खडकात सुरुंगासाठी पाडलेली भोकं नीट पाहिलीत तर दिसतात. मजुरांसाठी वसवलेल्या माटिल्डाव्हिल गावाचे अवशेषही तिथेच, फार काही उरलेलं नाही. नोव्हेंबरात पानं गळलेली असतात, तेव्हा भिंती चांगल्या दिसतील. बूट पकडीचे घाला, खडक निसरडे आहेत आणि पाण्याजवळ अजिबात जाऊ नका, तिथे दरवर्षी माणसं बुडतात.

बॅटो बघायच्या असतील तर मात्र जूनमध्ये यावं लागेल. हौशी लोकांनी बांधलेल्या बॅटो लिंचबर्गहून निघतात आणि आठवडाभर जेम्समधून खाली येतात. १९८० च्या दशकात रिचमंडला इमारतींच्या पायासाठी खोदताना जुन्या बॅटोंचे सांगाडे सापडले, त्यानंतर हे सुरू झालं. पाणी कमी असलं तर लोक खाली उतरून नाव ढकलतात, आणि कुठल्या दगडावर कोण अडकलं याची चर्चा संध्याकाळी काठावर चालते.

प्रेअरीतला_पांडू

आणि इकडे आलात तर न्यू सेलम. गाव पुन्हा उभारलंय, गिरणीसकट. नदी मात्र आता जराशी सरकली आहे.

चौकस_बाळ

दोघांनाही धन्यवाद. बहिणीला ग्रेट फॉल्सचं सांगून ठेवलं. ती म्हणते, तिथे आम्ही दर महिन्याला फिरायला जातो, भिंती कसल्या आहेत ते कधी पाहिलंच नाही.